बिनअंगठ्याचा टाका

"अंगठा आत घे."

"घेतलाय की आजी."

"घेतलाय? मग ते काय डोकं वर काढून बघतंय? गोगलगाय आहे का ती? आत घे. वरची दोन बोटं सुईला, खालची दोन अंगठ्याला. त्याला दाबून बसवायचं, आगाऊ पोराला बसवतात तसं."

"दुखतं गं."

"दुखणारच. मला दोन वर्षं दुखलं. माझ्या आईला किती दुखलं ते तिनं कधी सांगितलं नाही, म्हणजे जास्तच दुखलं असणार. ओढ. झटका नको देऊस, दोरा आहे तो, बैल नाही."

बोलणारी आमच्या गल्लीतली गोधडीमावशी, वय चौसष्ट. ऐकणारी तिची नात, मुलीची मुलगी, वय दहा, सुट्टीपुरती आलेली. इस्त्रीवाला आणि सायकल दुरुस्तीवाला यांच्या मधे मावशीची एक खोली आहे. शटर वर केलं की आधी कपड्यांच्या गाठोड्यांचा ढीग दिसतो. प्रत्येक गाठोड्याला कपडे वाळत घालायचा चिमटा, चिमट्यात कागद, कागदावर मावशीच्या अक्षरात मालक: पोस्टमन. शाळेजवळची ताई. दोन कुत्रीवाले. लोक आपले जुने सदरे, चादरी, पडदे आणून टाकतात आणि मावशी त्यांची गोधडी करून देते. ढिगामागं ती सतरंजीवर बसलेली असते, भिंतीला पाठ, मांडीवर गोधडी, गुडघ्याजवळ मेणाचा खडा. दोऱ्याला मेण लावल्याशिवाय ती सुईत ओवत नाही.

आणि अंगठा मुठीत.

ही त्या घराची रीत. सुई पहिल्या दोन बोटांच्या चिमटीत, कात्रीत धरल्यासारखी. जोर मनगटाचा. अंगठा तळहातावर दुमडून उरलेल्या दोन बोटांखाली कोंडलेला. असा टाका पडायला वेळ लागतो, पण पडतो सरळ, आणि ओढ हलकी असते. म्हणून मावशीची गोधडी दहा धुण्यांनंतरही मऊ राहते. अंगठा लावणाऱ्या बायकांचा टाका पटकन पडतो, घट्ट पडतो आणि किंचित तिरका पडतो. लांबून कुणाला कळणार नाही. मावशीला कळतं. रस्त्यावरच्या दोरीवर दुसऱ्या कुणी शिवलेली गोधडी वाळत असली तर ती थांबून बघते आणि ओठ मुडपते.

"अंगठा म्हणजे घरातला जावई," ती सांगायची. "काम नाही करत, पण जागा अडवतो आणि जोर दाखवतो."

हे तिचं आवडतं वाक्य. तिचा स्वतःचा जावई समोर बसलेला असतानाही ती ते म्हणायची. तो बिचारा हसायचा.

ही रीत मावशीला तिच्या आईनं दिली आणि आईला तिच्या आईनं. म्हणजे मावशीच्या आजीनं. तिला घरात थोरली आजी म्हणतात. मावशीनं तिला पाहिलेलं नाही. मावशीची आई सात वर्षांची असतानाच थोरली आजी तापानं गेली. पण मागं ठेवून गेली ती 'घरची'. बाकीच्या सगळ्या गोधड्या गिऱ्हाइकांच्या, ही एकच घरची. मधे दोन हात लांबीचा चौकोन, आणि त्याच्या चारी बाजूंनी फिरत गेलेल्या पट्ट्या. पहिली पट्टी थोरल्या आजीची. दुसरी मावशीच्या आईची. तिसरी मावशीची. हात बसल्याशिवाय घरचीला सुई लावायची नाही. मावशीला चौदाव्या वर्षी परवानगी मिळाली. त्या दिवशी आई तिच्याशी पहिल्यांदा बाईशी बोलावं तसं बोलली, असं मावशी अजून सांगते.

चौथी पट्टी मावशीच्या मुलीची व्हायची होती. ती कधी झालीच नाही.

मुलीचा अंगठा आत जाईना. अकरा वर्षांची होती. मावशीनं सांगून बघितलं, ओरडून बघितलं, मग चिंधीनं तो अंगठा तळहाताला बांधून टाकला. शाळेतून आली की बांधायचा, जेवायला बसली की सोडायचा. सात महिने. सात महिन्यांनी मुलीनं एक उशीएवढा तुकडा शिवून आणला. पलंगामागं बसून, चोरून, अंगठा लावून. घट्ट, बारीक, एकाला एक लागून टाके. मावशीनं तो उजेडात धरला, आपल्या आईला दाखवला. आई म्हणाली, "हा आपल्या घरातला हात नाही." मावशीनं कातर घेतली आणि मुलीच्या देखत तो तुकडा उसवला. शेवटच्या टाक्यापर्यंत.

त्यानंतर मुलीनं घरात सुई धरली नाही. अठराव्या वर्षी गाद्यांच्या कारखान्यात लागली, आता तिथं काठ शिवायच्या मशिनीवर आहे. लग्न झालं, मूल झालं. आईशी भांडण असं नाही. येते, बसते, चहा पिते. पण बोलणं सगळं पोरीमार्फत. "आजीला विचार, औषध घेतलं का." आजी दोन हातांच्या अंतरावर बसलेली असते.

यंदा मावशीच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. सकाळी मूठ उघडायला गरम पाण्यात हात धरावा लागतो. चिमटीत सुई ठरेनाशी झाली. तेव्हा तिनं पहिल्यांदा मुलीला सरळ तोंडावर विचारलं, "पोरीला सुट्टीत पाठवतेस का? माझा हात आहे तोवर शिकवते. नाहीतर आपल्या घरातलं हे माझ्याबरोबर जाईल."

मुलीनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "बांधायचा नाही."

"नाही बांधत."

"सुट्टी संपेपर्यंत हात बसला तर ठीक. रडली तर मी त्याच दिवशी घेऊन जाणार, आणि परत विचारायचं नाही."

म्हणून मावशी पोरीला बोलायची फार, पण हात लावायची नाही. सहा आठवडे झाले होते. दोन राहिले होते. पोरीचा टाका सरळ पडायला लागला होता. अंगठा मात्र मधूनच बाहेर यायचा.

अशात धाकटी आजी आली.

धाकटी आजी म्हणजे थोरल्या आजीची धाकटी बहीण, मावशीच्या आईची मावशी. नव्वदी कधीच ओलांडलेली, पण जीभ पंचविशीतली. थोरली आजी गेल्यावर मावशीच्या आईला तिच्या काकूनं वाढवलं आणि त्या माणसांशी येणंजाणं सुटलं. पुढं दोन-चार लग्नांत भेटी झाल्या तेवढ्याच. लग्नात कुणी सुई घेऊन बसत नाही. आता म्हातारीच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता, दवाखाना आमच्याच गावात, म्हणून तिचा नातू तिला आठ दिवसांसाठी मावशीकडं सोडून गेला. डोळ्याला पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं दिसत नव्हतंच. भिंतीशी बसून ती दिवसभर बोलायची.

"कोण आलं?"

"इस्त्रीवाला."

"जाड आहे का?"

"आहे."

"पावलावरून वाटलंच."

चौथ्या दिवशी पट्टी काढली. दवाखान्यातून आणून मावशीनं तिला दारापाशी खुर्चीवर बसवलं, डोळ्यांवर काळा चष्मा. म्हातारीनं आधी रस्ता बघितला, मग स्वतःचे हात बघितले. "केवढी म्हातारी झाले मी, कुणी बोललं नाही ते?" मग आत बघितलं. पोर सतरंजीवर शिवत बसली होती.

म्हातारी चष्मा वर करून बघत राहिली.

"पोरीच्या हाताला काय झालंय?"

"काय नाही," मावशी म्हणाली.

"मग अंगठा कुठाय?"

"आत घेतलाय, पणजी," पोर म्हणाली आणि मूठ उघडून दाखवली.

म्हातारीची मान मावशीकडं वळली. मावशीच्या मांडीवर पोस्टमनची गोधडी होती. "आणि तुझा?"

"माझापण आत."

"तुझ्या आईचा?"

"तिचापण. आमच्याकडं अंगठा सुईला लावत नाहीत, आजी."

"का?"

मावशीला हा प्रश्न आवडायचा. हातातलं काम मांडीवर ठेवून तिनं तो जावई आणि जागा अडवण्याचा सगळा पाढा म्हटला. शेवटी म्हणाली, "आणि हे मी कुणाला सांगतेय? तुमच्या बहिणीचीच शिकवण. तुम्हाला माहीतच असणार."

म्हातारीची बोटं खुर्चीच्या हातावर हलत होती.

"मला वाटलं रोग आहे," ती म्हणाली. "घराण्यात काहीतरी आलंय, तिघींच्या हातात उतरलंय. शिकवण? कसली शिकवण? माझ्या बहिणीचा अंगठा मेला होता गं."

मावशी हसली. चेष्टा वाटली तिला.

"हसतेस काय? विळा लागला होता तिला, गवत कापताना. इथं, बुडाशी." म्हातारीनं स्वतःच्या अंगठ्याचं मूळ दाखवलं. "जखम भरली, पण आतली शीर तुटली. अंगठा जागच्या जागी होता, पण हलायचा नाही. लोंबायचा नुसता. शिवायला बसली की दोऱ्यात अडकायचा. म्हणून ती त्याला दुमडून दोन बोटांखाली धरायची. दुसरं काय करणार, तोडून फेकणार?"

म्हातारीनं अंगठा सोडला आणि चष्मा नीट केला.

"दीड वर्ष तिनं सुई टाकली होती. मग तुझी आई मोठी व्हायला लागली, तिला पांघरूण पुरेना, तेव्हा पुन्हा शिकली. दोन बोटांत धरून. सुई पडायची, ही रडायची, शिव्या द्यायची. विळ्याला, गवताला, मला."

"तुम्हाला का?"

"विळ्याला धार मी लावून आणली होती ना," म्हातारी म्हणाली. "नऊ वर्षांची होते. चांगली लावली म्हणून शाबासकी घेऊन गेले होते."

"पण आई तसं कधी बोलली नाही. आई म्हणायची, आमच्या आईची पद्धत."

"असं थोरलीच म्हणायची. तिला पांगळी म्हटलेलं खपायचं नाही. कुणी विचारलं, अगं हात असा का धरलायस, की मान ताठ करून सांगायची, आमची पद्धत आहे. दोन गल्ल्यांना तिनं तेच सांगितलं. पोर तिथंच बसलेली असायची, सुया ओवत. तिनं तेच ऐकलं. सहा वर्षांचं पोर ते, त्याला काय कळतंय?"

मावशी उठली. गुडघ्यावरची गोधडी खाली घसरली आणि सुई सतरंजीत कुठंतरी गेली. एरवी सुई हरवली तर ती सापडेपर्यंत घरात कुणाला पाय टाकू देत नाही. आज तिनं बघितलंही नाही. आतल्या ट्रंकेतून तिनं घरची आणली आणि दारातल्या उजेडात पसरली.

"हे मधलं काय आहे?" तिनं विचारलं.

मधल्या चौकोनाबद्दल घरात नेहमी सांगितलं जायचं की तो परक्या हाताचा. टाके घट्ट, बारीक, तिरके. अंगठ्याचे. मावशीची आई म्हणायची, कुणाचं तरी असेल, आईला कुठून तरी मिळालं, तिनं त्याला भोवती आपली पट्टी लावून घेतलं. मावशी पण आलेल्या गेलेल्यांना घरची दाखवताना त्या चौकोनावर हात ठेवूनच दाखवायची. घरातला डाग झाकावा तशी.

म्हातारीनं वाकून त्यावर बोट फिरवलं.

"हे तुझ्या आईचं दुपटं. ती पोटात असताना थोरलीनं शिवलं. अंगठा धड होता तेव्हाचं. मी दोरा ओवून दिलाय, आठ वर्षांची होते. काय हात होता बाईचा. आमच्या आईनं आम्हा दोघींना अंगठा लावूनच शिकवलं, पण तिच्यासारखा टाका आमच्याकडं कुणाचाच नव्हता."

मावशी घरचीच्या कडेला गुडघ्यांवर बसून राहिली. चौकोन ती हजार वेळा बघत आली होती. आता मात्र तिला त्या टाक्यांची लांबी दिसली, तिरकेपणा दिसला, एकाला एक कसे लागून आहेत ते दिसलं. आणि अजून एक दिसलं. हे टाके तिनं आणखी एकदा पाहिले होते. उशीएवढ्या तुकड्यावर. त्या तुकड्याचे दोरे तिनं उसवून केरात टाकले होते, आणि शेजारी बसून तिच्या आईनं मान डोलावली होती. ज्या आईला जन्मल्याबरोबर याच टाक्यांत गुंडाळून ठेवलं होतं, तिनं.

"आजी," पोर मागून हळूच म्हणाली, "मग मी अंगठा लावला तर चालेल?"

मावशीला उत्तर सुचलं नाही. असं आमच्या गल्लीत कधी झालं नव्हतं.

पुढचे दोन दिवस तिनं टाका घातला नाही. शटर वर केलं, बसली, गिऱ्हाइकं आली की गाठोडी घेतली, चिमट्यात कागद लावला. पण सगळं झोपेत केल्यासारखं. चहात साखर दोनदा घातली, मग चहा प्यायचाच विसरली. पलीकडच्या गल्लीत तीन बाया गोधड्या शिवतात, तिघी मावशीकडं शिकलेल्या. त्यातली एक, बटणवाली म्हणतात ती, मेण मागायला आली. तिथंच उभ्या उभ्या तिनं एक टाका घालून दाखवला, "बरा पडतोय ना मावशी?" अंगठा मुठीत. मावशी त्या मुठीकडं अशी बघायला लागली की बटणवालीनं हात मागं घेतला. "काय चुकलं का?"

"तुझं नाही," मावशी म्हणाली.

दुपारी कुणी नसताना तिनं अंगठा सुईला लावून बघितला. पन्नास-पंचावन्न वर्षं कोंडलेला अंगठा. सुई पडली. परत उचलली. तीन टाके पडले, तिन्ही तीन दिशांना, पोरानं रस्त्यावर खडू ओढावा तसे. चौथ्याला अंगठा आपोआप मुठीत गेला. तिनं बाहेर काढला. परत गेला. मग तिनं सुई मेणाच्या खड्यात खुपसून ठेवली.

नवऱ्याला तिनं सांगितलं. तो तीस वर्षं बस चालवून आता रेडिओपाशी बसलेला असतो. सगळं ऐकून घेतलं त्यानं, मधे आवाजही कमी केला.

"म्हणजे अंगठा लावला असता तरी चाललं असतं?"

"हो."

"आणि गोधडी उबदारच झाली असती?"

"हो."

"मग बिघडलं काय?"

"आपल्या लेकीचा हात बांधला होता मी," मावशी म्हणाली. "सात महिने. तुम्ही घरातच होतात."

यावर मात्र त्यानं रेडिओ बंदच केला.

तिसऱ्या दिवशी मावशी मुलीच्या कारखान्यावर गेली. याआधी कधी गेली नव्हती. जेवणाची सुट्टी व्हायची होती, वॉचमननं तिला आतल्या दारापाशी बाकावर बसवलं. तिथून मुलगी दिसत होती. उभ्यानं काम. समोर बिछान्याएवढी गादी, आणि मुलगी ती दोन्ही हातांनी मशिनीखाली सरकवत होती. डोक्यावर कापूस बसून केस पांढरे झाले होते, आईएवढी म्हातारी दिसत होती. अंगठे दोन्ही बाहेर, गादीच्या काठावर दाबलेले, काठ वळेल तसे वळणारे. मावशी ते अंगठे बघत राहिली.

भोंगा झाला. मुलगी बाहेर आली. आईला बघून आधी तिचा चेहरा उतरला. "पोरीला काय झालं?"

"पोर बरी आहे."

"रडली?"

"नाही. बस जरा."

मावशीला गोष्ट वळणावळणानं सांगता येत नाही. तिनं विळा, शीर, दोन बोटं, आमची पद्धत, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. मधला चौकोनही सांगितला. कुणाचा आहे ते, आणि तो टाका कुणासारखा आहे ते.

मुलीच्या हातात डबा होता. तो तिनं उघडला नाही. कारखान्यातल्या बाया येता जाता बघत होत्या.

"परत सांग," ती म्हणाली.

मावशीनं परत सांगितलं.

"म्हणजे कारण काहीच नव्हतं."

"नव्हतं."

"मला वाटायचं मी काहीतरी पाप केलंय," मुलगी म्हणाली. "अंगठ्यानं. शाळेत पेन धरताना पण मी बघायचे कुणी बघतंय का. पेन धरायला, आई."

मावशीनं मान खाली घातली नाही. "मीच बांधला," ती म्हणाली. "तुकडा पण मीच उसवला. आता तो परत नाही येत. येत असता तर एकेक दोरा वेचून आणला असता. चौथी पट्टी तुझी आहे. शिव किंवा नको शिवूस. तेवढं सांगायला आले."

"मला नको तुझी पट्टी."

"बरं."

"बरं काय बरं? इतक्या वर्षांनी येतेस आणि बरं म्हणतेस?"

"मग काय म्हणू?"

मुलीनं डबा उघडला, बघितला, परत बंद केला. भोंगा झाला. आत जाता जाता म्हणाली, "रविवारी पोरीला न्यायला येते." हे आईला सरळ बोललेलं होतं, पोरीमार्फत नाही. पण मावशीला त्यात गोड काही दिसलं नाही. न्यायला येते म्हणजे संपलं.

रविवारी मुलगी आली ती पिशवी घेऊनच, पोरीचे कपडे भरायला. धाकटी आजी खुर्चीत होती, तिचा नातू संध्याकाळी न्यायला येणार होता. मुलीनं तिला वाकून विचारलं, "आजी, तुमच्यात कसं धरायचे? दाखवा मला."

म्हातारीच्या हाताला कंप होता. तिनं मुलीचाच हात घेतला, त्यात सुई दिली आणि अंगठा जागेवर ठेवला. ठेवायला काही लागलंच नाही, तो आधीच तिथं होता. म्हातारीनं बघितलं आणि हात सोडून दिला. "तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

"ह्या हातात आहे कुणीतरी," म्हातारी म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली.

मुलगी सतरंजीवर बसली. घरची तिथंच पसरलेली होती, चारी कडांना चौथ्या पट्टीचं कापड टाचण्या लावून ठेवलेलं. मावशीनं ते रात्रीच लावून ठेवलं होतं, उपयोग होवो न होवो. मुलीनं त्याला हात लावला नाही. पोरीला म्हणाली, "ये इकडं. अंगठा बाहेर काढ. आता दुखायचं कारण नाही."

पोरीनं काढला. सुई धरली. सुई डुगडुगली. दोन टाके पडले ते खडी सांडल्यासारखे. तिनं आईकडं बघितलं, आजीकडं बघितलं, आणि अंगठा मुठीत घेऊन पुढचे चार टाके घातले. सरळ, हलके.

"अगं, काढ बाहेर," मुलगी म्हणाली. "आजी नाही ओरडत आता."

"मला असंच येतं."

"दुखतं ना पण?"

"आता नाही दुखत. बाहेर काढला की सुई हलते."

मायलेकी दोघी पोरीकडं बघत राहिल्या. या घरात दहा वर्षांच्या पोरीला कुणी निवडायला सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं तर तिनं हे निवडलं. मुलगीच जास्त हादरली होती. तिनं पोरीचा हात उलटा करून तळवा बघितला, कुठं वण आहे का, कुठं चिंधीची खूण आहे का.

"मी नाही हो बांधला," मावशी म्हणाली.

"दिसतंय मला."

"शाळेत लिहिताना कसं धरतेस?" मुलीनं पोरीला विचारलं.

"अंगठा लावून. लिहिताना कुणी मुठीत धरतं का?"

यावर धाकटी आजी एवढी हसली की तिला ठसका लागला आणि डॉक्टरांनी डोळ्यावर ताण नको म्हणून सांगितलंय याची आठवण मावशीला करून द्यावी लागली.

मुलीनं पिशवी बाजूला सरकवली. घरचीची एक कड उचलली, टाचण्या नीट आहेत का बघितल्या, एक काढून परत लावली. "पोरगी त्या कोपऱ्यातून येऊ दे," ती कुणाकडंच न बघता म्हणाली. "मी ह्या कोपऱ्यातून येते. मधे भेटू तिथं टाका जुळणार नाही. तिचा सरळ असेल, माझा तिरका."

"नाही जुळणार," मावशी म्हणाली.

"चालेल?"

मावशीच्या तोंडात पन्नास वर्षांचं उत्तर होतं. ते तिनं गिळलं, पण ते काही सहज गेलं नाही.

"तुमची पट्टी आहे," ती म्हणाली. "मला काय विचारतेस?"

मुलीनं पहिला टाका घातला. मशिनीची सवय, हात झपाट्यानं चालला. मावशीच्या डोळ्यांना तो वेग सोसेना. दोनदा तिचं बोट पुढं झालं, ओढ कमी कर म्हणून सांगायला, दोन्ही वेळा तिनं ते मागं घेतलं. तिसऱ्या वेळी ती उठलीच आणि आपल्या जागी भिंतीशी जाऊन बसली, त्या दोघी नजरेसमोर येणार नाहीत अशी.

शटरमधून पोस्टमननं डोकं आत घातलं. "मावशी, शुक्रवारी देणार होतात."

"शुक्रवारी मला बरं नव्हतं."

"आता?"

"आता बसलेच आहे की. संध्याकाळी या. आणि येताना पाय झटकून या, परवा सतरंजीत सुई हरवलीय."

तिनं पोस्टमनची गोधडी मांडीवर ओढली. मधे अस्तर सरकून गोळा झालं होतं, ते हातानं सारखं केलं. दोरा मेणावरून दोनदा ओढला, डोळ्यांजवळ धरून ओवला, सुजलेली बोटं दोन-तीनदा उघडून मिटली, आणि राहिलेल्या ओळीला लागली.